औषधांना न जुमानणारी बुरशी आणि प्रकाशोपचार: वडिलांसाठी निर्णय घ्यायचा आहे

प्रश्न
मनीषनगर_वाचक:

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय 67 असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या उन्हाळ्यापासून त्यांच्या जांघेत आणि कमरेच्या पट्ट्याखाली गजकर्णाचे चट्टे आहेत. दोन्ही पायांच्या अंगठ्यांची नखे तर त्याही आधीपासून पिवळी, जाड आणि भुसभुशीत झालेली आहेत. टर्बिनाफाईनच्या गोळ्या सांगितल्या तितके दिवस घेऊन झाल्या, मलमेही लावून झाली. चट्टे फिके पडतात, खाज थांबते आणि औषध बंद झाले की महिन्याभरात सगळे पुन्हा उगवते. नागपूरचा मे महिना आणि त्यानंतरचा दमट पावसाळा यांत त्यांना रात्रीची झोपसुद्धा धड लागत नाही.

आता शहरातील एका खासगी दवाखान्यात, ही बुरशी औषधाला दाद देत नाही असे सांगून प्रकाशोपचार सुचवण्यात आला आहे. त्वचेवर आणि नखांवर रंगीत द्रव लावायचा, थोड्या वेळाने त्यावर विशिष्ट प्रकाश टाकायचा आणि अशी अनेक सत्रे करायची, असे त्याचे स्वरूप सांगितले. मात्र त्यांच्या माहितीपत्रकात याच उपचाराला एके ठिकाणी लेसर आणि दुसऱ्या ठिकाणी फोटोथेरपी म्हटले आहे, त्यामुळे माझा गोंधळ वाढला. खर्चही लहान नाही. मी वाणिज्य शाखेचा माणूस असल्याने विज्ञानाची बाजू मला पारखता येत नाही. जिथे गोळी हरली तिथे प्रकाश कसा काम करतो, माणसांवरील अभ्यासांचा त्याला कितपत आधार आहे आणि वडिलांसारख्या रुग्णाने या वाटेने जावे की नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1
सूक्ष्मजीव_अध्यापक:

मी डॉक्टर नाही, महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नापुरतेच लिहितो.

या पद्धतीला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात आणि तिला तीन गोष्टी एकाच वेळी, एकाच जागी लागतात: प्रकाश शोषून घेणारे रंगद्रव्य, त्या रंगद्रव्याला मानवणाऱ्या तरंगलांबीचा प्रकाश आणि ऑक्सिजन. यांपैकी एक जरी नसेल तरी काही घडत नाही. मिथिलीन ब्लू हे रंगद्रव्य 660 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश सर्वाधिक शोषते. त्यातून मिळालेली ऊर्जा ते जवळच्या ऑक्सिजनला देते आणि सिंग्लेट ऑक्सिजन नावाचे अत्यंत क्रियाशील रूप तयार होते. शिवाय काही प्रमाणात सुपरऑक्साईड आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल्सही निर्माण होतात. सिंग्लेट ऑक्सिजन पाण्यात काही मायक्रोसेकंदच टिकतो, त्यामुळे तो जिथे जन्मतो तिथेच, पेशीच्या रुंदीपेक्षाही कमी अंतरात, समोर येईल त्या मेदावर, प्रथिनावर आणि डीएनएवर आघात करतो. रंगद्रव्य बुरशीला चिकटले नसेल किंवा तिच्या आत शिरले नसेल तर कितीही दिवे लावले तरी उपयोग नाही, त्याचे कारण हेच.

कल्पना नवी नाही. म्युनिकमध्ये हरमान फॉन टापाइनर यांचा विद्यार्थी ऑस्कर राब याने 1900 साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत ॲक्रिडीन या रंगाच्या द्रावणातील पॅरामेशियम हे एकपेशीय जीव उजेडात मरतात आणि अंधारात जगतात असे दाखवले होते. मात्र प्रतिजैविकांच्या युगात जंतूंवर हे वापरण्याची निकड कोणाला वाटली नाही आणि पुढे ही पद्धत प्रामुख्याने कर्करोग व कर्करोगपूर्व त्वचाविकारांसाठी वाढली. औषधांना न जुमानणारे जंतू वाढू लागल्यावर तिच्याकडे पुन्हा लक्ष गेले.

आता गोळी का हरते ते पाहू. टर्बिनाफाईन बुरशीच्या स्क्वालीन इपॉक्सिडेज या एकाच विकराला (एन्झाइमला) रोखते, त्यामुळे पेशीपटलासाठी लागणारे अर्गोस्टेरॉल बनत नाही. भारतात सध्या पसरलेल्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या गजकर्णाच्या बुरशीच्या अनेक वाणांत त्या विकराच्या अमिनो आम्लांच्या साखळीत 397व्या जागी फेनिलॲलनीनऐवजी ल्युसीन आलेले असते. एवढ्या एका बदलाने गोळी निष्प्रभ होते. विदर्भात गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाचे जे केले, त्याच जातीचा हा प्रकार आहे: मारा एकाच ठिकाणी असेल तर ते ठिकाण बदललेले मोजके जीव वाचतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. आपल्याकडे बुरशीनाशकांचे मुख्य गट मुळातच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि त्यांतील बहुतेक कोणत्या ना कोणत्या मार्गाने अर्गोस्टेरॉलभोवतीच फिरतात. प्रकाशोपचाराचा मारा एका विकरावर नसून एकाच वेळी शेकडो रेणूंवर असतो. त्यामुळे टर्बिनाफाईन किंवा फ्लुकोनाझोल या बुरशीनाशकांना दाद न देणारे वाणही प्रयोगशाळेत या पद्धतीने मरतात आणि एखाददुसऱ्या उत्परिवर्तनाने त्यातून सुटका होणे अवघड असते.

पण 'अवघड' म्हणजे 'अशक्य' नव्हे. कँडिडासारख्या यीस्टमध्ये औषध बाहेर फेकणारे पंप असतात आणि मिथिलीन ब्लूही त्यांच्या तावडीत सापडते. जैवपटलात (बायोफिल्म, म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती बनवलेल्या चिकट थरात) दडलेल्या पेशींपर्यंत रंग नीट पोचत नाही. काळ्या बुरशींच्या भिंतीतील मेलॅनिन तर प्रकाश आणि क्रियाशील ऑक्सिजन दोन्ही शोषून घेते. (इथे काळी बुरशी म्हणजे खरोखर काळे रंगद्रव्य असलेल्या प्रजाती, 2021 मध्ये नागपुरात ज्या म्युकरमायकोसिसला सर्वजण काळी बुरशी म्हणत होते, तिचा काळेपणा मृत ऊतींचा असतो.) शिवाय प्रयोगशाळेतील बशीत प्रत्येक पेशीला रंग आणि प्रकाश सारखा मिळतो, माणसाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो तसा मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

उत्तर 2
त्वचाचिकित्सक_विदर्भ:

वरील उत्तर नेमके आहे, त्यामुळे यंत्रणेबद्दल पुन्हा लिहीत नाही. वडिलांना न तपासता मी उपचार सांगू शकत नाही, हे आपण समजून घ्याल. पण पैसे भरण्यापूर्वी कोणत्या गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात ते सविस्तर लिहितो.

सर्वात आधी त्या माहितीपत्रकाबद्दल. त्वचाविकारांत 'प्रकाश' या एका नावाखाली किमान तीन वेगळे उपचार चालतात. कोड आणि सोरायसिससाठी 311 नॅनोमीटरची नॅरोबँड यूव्हीबी किरणे देतात, ती फोटोथेरपी. गजकर्णावर तिचा काही उपयोग नाही. नखांसाठी 1064 नॅनोमीटरचा लेसर वापरतात, तो रंगाशिवाय केवळ उष्णतेने काम करतो आणि अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने अशा लेसर यंत्रांना दिलेली मान्यता 'स्वच्छ नखाच्या भागात तात्पुरती वाढ' एवढ्यापुरतीच आहे, बुरशी बरी करण्यासाठी नाही. तिसरी फोटोडायनॅमिक थेरपी, जिच्यात रंगद्रव्य अनिवार्य असते. तेव्हा दवाखान्यात शांतपणे तीन गोष्टी विचाराव्यात: रंगद्रव्य कोणते, प्रकाशाची तरंगलांबी किती आणि प्रत्येक चौरस सेंटीमीटरला किती ज्यूल ऊर्जा देणार. ज्याने हा उपचार समजून घेतला आहे त्याला या तिन्हींची उत्तरे देता येतात. उदाहरणादाखल, 100 मिलिवॅट प्रति चौरस सेंटीमीटर तीव्रतेच्या दिव्याने 36 ज्यूलची मात्रा द्यायला सहा मिनिटे लागतात. दिवा मोजलेला नसेल तर मात्राही मोजलेली नसते.

दुसरा मुद्दा निदानाचा. जाड झालेल्या नखांपैकी जवळपास निम्म्यांतच बुरशी सापडते. उरलेली सोरायसिस, बुटाचा सततचा दाब, लायकेन प्लॅनस हा त्वचाविकार अशा कारणांनी तशी दिसतात. केओएच तपासणी (खरवडलेला नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साईडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) स्वस्त आहे आणि काही मिनिटांत होते. कल्चरला, म्हणजे नमुन्यातील बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहायला, दोन ते चार आठवडे लागतात, पण प्रजाती कोणती आणि कोणत्या औषधाला ती दाद देते हे त्यावरूनच कळू शकते. ट्रायकोफायटॉन इंडोटिनीला हे नाव 2020 मध्ये जपानी संशोधकांनी दिले. नेहमीच्या तपासणीत ती तिच्या जवळच्या प्रजातींपासून वेगळी ओळखू येत नाही, त्यासाठी जनुकीय चाचणी लागते. नागपुरातील मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स या सरकारी रुग्णालयांपैकी एका ठिकाणच्या त्वचारोग विभागात वडिलांना एकदा दाखवावे आणि यातील कोणत्या चाचण्या तिथे होतात ते विचारून घ्यावे.

तिसरा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. औषधाला दाद न देणारी म्हणून आमच्याकडे येणाऱ्या बुरशीच्या मागे पुष्कळदा औषध दुकानातून सहज मिळणारे मिश्र मलम असते, ज्यात बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉईड एकत्र असते. स्टेरॉईडने खाज दोन दिवसांत शमते म्हणून घरातले सगळे तेच लावतात, पण त्वचेची स्थानिक प्रतिकारशक्ती दबल्याने बुरशी पसरते, चट्ट्यांचा आकार बदलतो आणि ती बारीक लवेच्या मुळांत शिरते, जिथे वरून लावलेले काहीच नीट पोचत नाही. त्यात एकाच घरातील दोघा-तिघांना गजकर्ण असेल, टॉवेल एकच असेल आणि रक्तातील साखर आवाक्यात नसेल, तर जगातला कोणताही दिवा उपयोगाचा नाही. वडिलांच्या मलमाच्या नळीवरील घटक कृपया वाचून इथे लिहावेत.

आता पुरावा. नखांच्या बुरशीवर फोटोडायनॅमिक थेरपीचे माणसांवरील अभ्यास झाले आहेत, पण ते बहुतांशी लहान आहेत. ग्रीसमधील 2010 च्या एका अभ्यासात 30 रुग्णांच्या नखांवर अमिनोलेव्हुलिनिक ॲसिड (ज्यापासून पेशीत प्रकाश शोषणारे रंगद्रव्य बनते) लावून लाल प्रकाश दिला होता. वर्षभरानंतर 43.3 टक्के रुग्ण बरे होते आणि दीड वर्षानंतर हे प्रमाण 36.6 टक्क्यांवर आले. ब्राझीलमध्ये मिथिलीन ब्लू आणि लाल एलईडी वापरून पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने सहा महिने उपचार केले, तेव्हा फ्लुकोनाझोलच्या गोळ्यांपेक्षा चांगला परिणाम दिसला. मात्र नखांसाठी फ्लुकोनाझोल हे काही सर्वात बलवान औषध नाही, हेही ध्यानात ठेवावे. अशा उपचारांत नख आधी युरियाच्या मलमाने मऊ करून किंवा घासून पातळ करावे लागते, कारण जाड नखातून ना रंग उतरतो ना पुरेसा प्रकाश. अंगठ्याचे नख पूर्ण नवे यायला वर्ष-दीड वर्ष लागते, म्हणून दोन महिन्यांत निकालाची हमी देणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे. तोंडातील कँडिडाचा, विशेषतः कवळीखाली होणाऱ्या संसर्गाचा, अनुभव अधिक आशादायक आहे. काही चाचण्यांत निस्टॅटिन या बुरशीनाशकाच्या तोडीचे परिणाम मिळाले आहेत. जांघ आणि कमरेच्या गजकर्णाबाबत मात्र पुरावा तुटपुंजा आहे. पायाच्या बोटांच्या बेचक्यांतील बुरशीवर झालेल्या छोट्या अभ्यासात सुधारणा लवकर दिसली आणि काहींना त्रास पुन्हा लगेच सुरूही झाला. कमरेभोवतीचा मोठा भाग रंगवून त्यावर प्रत्येक ठिकाणी सारखी मात्रा देणे व्यवहारातही कठीण आहे.

दुष्परिणाम सौम्य असले तरी असतात. अमिनोलेव्हुलिनिक ॲसिडने प्रकाश देताना चांगलीच जळजळ होते. नंतर लाली, क्वचित फोड आणि आपल्या सावळ्या त्वचेवर महिनोन्महिने टिकणारे काळे डाग येऊ शकतात. उपचारानंतर एक-दोन दिवस तो भाग उन्हापासून झाकावा लागतो. ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहाने कमी झाली आहे त्यांना भाजल्याचे कळतच नाही, म्हणून वडिलांच्या पायांची संवेदना आधी तपासून घेतली पाहिजे.

माझे मत विचाराल तर नखांसाठी, निदान सिद्ध झाल्यावर आणि गोळ्या चालत नसतील किंवा पुरेशा ठरल्या नसतील तर, हा उपचार जोड म्हणून करून पाहण्यासारखा आहे. जांघेसाठी मी आज तो सुचवणार नाही.

उत्तर 3
सावनेर_रोड:

एक शंका विचारतो. हळदीतील कुरकुमिनही प्रकाशाने बुरशी मारते असे वाचनात आले होते. तसे असेल तर हळदीचा लेप लावून सकाळच्या उन्हात बसणे हा घरगुती फोटोडायनॅमिक उपचार ठरत नाही का? आमच्याकडे जुनी माणसे बावचीचे तेल लावून उन्हात बसायची, तेही याच तत्त्वावर असावे.

सूक्ष्मजीव_अध्यापक:

कुरकुमिन सुमारे 420 ते 430 नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषते आणि योग्य विद्रावकात विरघळवलेल्या कुरकुमिनने निळ्या एलईडीखाली कँडिडा मरते, हे खरे आहे. पण कुरकुमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, लेपात त्याचे प्रमाण मोजलेले नसते, निळा प्रकाश त्वचेत एक मिलिमीटरही उतरत नाही आणि उजेडात कुरकुमिन स्वतःच लवकर विघटित होते. हळद लावल्याने फारसा अपाय नाही, पण तिला उपचार म्हणता येणार नाही.

बावचीची गोष्ट निराळी आहे. तिच्यातील सोरालेन हे ऑक्सिजनच्या मध्यस्थीशिवाय, दीर्घ अतिनील किरणांनी थेट डीएनएला जोडले जाते. कोडावर तिचा उपयोग पूर्वापार होत आला आहे तो त्यामुळे. गजकर्णावर बावचीचे तेल लावून नागपूरच्या उन्हात बसल्यास मोठे फोड येऊ शकतात. तो प्रयोग कृपया कोणी करू नये. तसेच मिथिलीन ब्लूची बाटली आणि ऑनलाईन मागवलेला लाल दिवा यांच्यावर घरी प्रयोग करण्याचाही मोह टाळावा. त्या बाटलीतील रंगाची शुद्धता आणि त्या दिव्याची तीव्रता दोन्ही अज्ञात असतात.

उत्तर 4
नेत्रविभाग_वर्धा:

धाग्याचा विषय त्वचेचा असला तरी डोळ्यांबाबत एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते, कारण हाच तर्क तिथे वापरला गेला आणि त्याचा निकाल सरळ आला नाही.

आमच्या भागात कापूस-तुरीच्या हंगामात डोळ्याला पऱ्हाटी किंवा धसकट लागून बुबुळावर बुरशीची जखम झालेले शेतकरी नियमित येतात. फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस या बुरशींवर नाटामायसिनचे थेंब हेच आजही पहिले औषध आहे, पण खोल जखमेत तेही अपुरे पडते. म्हणून रायबोफ्लेविनचे (ब-2 जीवनसत्त्वाचे) थेंब आणि 365 नॅनोमीटरची अतिनील किरणे यांची जोड देऊन पाहण्यात आली. तत्त्व वर सांगितले तेच: रंगद्रव्य, प्रकाश, ऑक्सिजन. प्रयोगशाळेत आणि काही रुग्णांत आशा दिसली होती. परंतु तामिळनाडूतील अरविंद नेत्र रुग्णालयात झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत या जोड उपचाराने बुरशी हटण्यात लाभ दिसला नाही आणि दृष्टी उलट कमी भरली. त्यानंतर रोझ बंगाल हे रंगद्रव्य आणि हिरवा प्रकाश यांच्याकडे लक्ष वळले आहे. फ्युजेरियमच्या हट्टी जखमांत त्याने काही डोळे वाचल्याची वर्णने आहेत.

एका रंगद्रव्याचा अनुभव दुसऱ्याला आणि त्वचेचा अनुभव डोळ्याला लावता येत नाही. बुबुळाला मार लागल्यावर दुकानातून स्टेरॉईडचे थेंब आणून घालणे, हे मात्र त्वचेवरच्या त्या मिश्र मलमापेक्षाही घातक आहे. त्याने काही दिवसांत डोळा जाऊ शकतो.

उत्तर 5
मनीषनगर_वाचक:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मलमाच्या नळीवर क्लोबेटासॉल, निओमायसिन आणि मायकोनाझोल अशी नावे आहेत, आणि आईलाही मानेवर तसाच एक चट्टा आहे. दवाखान्यात फोन करून विचारले असता रंगद्रव्याचे नाव त्यांनी सांगितले नाही. 'मशीन आयात केलेली आहे' एवढेच उत्तर मिळाले. तेव्हा तिथले पैसे तूर्त भरत नाही. केओएच आणि कल्चरसाठी येत्या आठवड्यात मेडिकलला जाण्याचे ठरवले आहे.

दोन शंका उरतात. इट्राकोनाझोल हे दुसरे बुरशीनाशक सुरू करावे लागले तर वडिलांच्या इतर गोळ्यांशी ते जुळेल का? त्यांना कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन आणि पित्तासाठी पँटोप्राझोल सुरू आहे. आणि 2021 मध्ये माझ्या एका नातेवाईकांना म्युकर झाला होता, तेव्हा ॲम्फोटेरिसिन या बुरशीनाशक इंजेक्शनसाठी आम्ही सगळे नागपूर पालथे घातले होते. अशा आजारात हा प्रकाशोपचार चालला असता का?

त्वचाचिकित्सक_विदर्भ:

म्युकरबाबत उत्तर 'नाही' असेच आहे. तो सायनस, डोळ्याची खोबण आणि रक्तवाहिन्यांत शिरतो. लाल प्रकाश ऊतींत काही मिलिमीटरच उतरतो आणि मृत झालेल्या भागात रक्तपुरवठा नसल्याने ऑक्सिजनही नसतो. तिथे शस्त्रक्रियेने मृत भाग काढणे, ॲम्फोटेरिसिन आणि साखरेवर नियंत्रण यांना पर्याय नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये प्राधान्याच्या 19 बुरशींची यादी काढली, तिच्यात सर्वात गंभीर गटात असलेली कँडिडा ऑरिस रक्तात पोचली तर तिच्याबाबतही हेच लागू आहे. प्रकाश जिथे पोचतो तिथलाच हा उपचार आहे.

औषधांबद्दल: इट्राकोनाझोलमुळे ॲटोरव्हास्टॅटिनची रक्तातील पातळी वाढते आणि स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो, म्हणून तेवढ्या काळासाठी स्टॅटिन थांबवणे किंवा बदलणे याचा निर्णय वडिलांचे फिजिशियन घेतील. नेहमीच्या इट्राकोनाझोल कॅप्सूलला शोषण्यासाठी पोटातील आम्ल लागते. पँटोप्राझोलने ते कमी होते आणि औषध वाया जाते. जेवणासोबत घेण्याची सूचना असते तीही त्याचसाठी. गोळी हरली असे वाटणाऱ्या काही रुग्णांत खरी अडचण एवढीच निघते. हृदयाची कार्यक्षमता कमी असेल तर हे औषध देत नाहीत, म्हणून पूर्वी काढलेला टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) असल्यास सोबत न्यावा. मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठीही दाखवावी.

मिश्र मलम बंद करावे. ते थांबवल्यावर पहिल्या आठवड्यात खाज आणि लाली वाढल्यासारखी वाटेल, त्याने घाबरून पुन्हा तीच नळी उघडू नये. त्रास फार वाढल्यास डॉक्टरांना दाखवावे. कल्चरसाठी नमुना देण्यापूर्वी किती दिवस बुरशीनाशक बंद ठेवायचे ते त्या विभागात आधी विचारून घ्यावे, कारण औषध लावलेल्या जागेतून घेतलेला नमुना खोटा निर्दोष येऊ शकतो. साधारण दोन आठवड्यांचे अंतर ठेवतात. आईंनाही त्याच दिवशी सोबत न्यावे, आणि त्यांच्या मानेवरच्या चट्ट्याचा नमुना वेगळा द्यावा.